विश्लेषण : १२१ पराभव आणि ‘संघ विका’चा नारा… हरणाऱ्या संघाच्या चाहत्याच्या हाती उरते तरी काय?

शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाने २०२४ च्या हंगामात १६२ पैकी १२१ सामने गमावले. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये १९०० नंतर एकाही संघाने एका हंगामात इतके पराभव पाहिले नव्हते. त्यानंतरच्या हंगामातही या संघाने १०२ सामने गमावले. या काळात घरच्या मैदानावर चाहते खेळाडूंच्या नावाने कमी आणि ‘संघ विका’ असे जास्त ओरडत होते. आपल्याच संघाविरुद्ध घोषणा देणाऱ्यांना निष्ठावान म्हणायचे का? त्यांच्या रागाने काही बदलते का? आणि हा प्रश्न फक्त बेसबॉलचा आहे का?

त्या हंगामात नेमके काय घडले?

व्हाइट सॉक्सने पहिल्या २५ पैकी २२ सामने गमावूनच हंगामाची सुरुवात केली. मे-जूनमध्ये सलग १४ पराभव झाले. तो धक्का ओसरतो न ओसरतो तोच जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ सामने हातचे गेले. अमेरिकन लीगमध्ये एवढी मोठी पराभवमालिका याआधी केवळ बाल्टिमोर ओरिओल्सने १९८८ मध्ये अनुभवली होती. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ असा विजय मिळाला आणि दोनच दिवसांनी मॅनेजर पेड्रो ग्रिफॉल यांची हकालपट्टी झाली. उरलेला हंगाम माजी खेळाडू ग्रेडी साइझमोर यांच्याकडे सोपवण्यात आला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पराभवांची संख्या १२० वर पोहोचली आणि न्यूयॉर्क मेट्सच्या १९६२ मधील नकोशा विक्रमाशी बरोबरी झाली. पुढचे तीन सामने शिकागोतच, लॉस एंजेलिस एंजल्सविरुद्ध होते. आता विक्रम होणारच, तर तो डोळ्यांदेखत पाहावा म्हणून अनेक जण मैदानावर आले. संघाने मात्र तिन्ही सामने जिंकले. अखेर २७ सप्टेंबरला डेट्रॉइट टायगर्सने व्हाइट सॉक्सला ४-१ असे हरवले. त्याच विजयाने टायगर्स दहा वर्षांनी प्लेऑफमध्ये पोहोचले. एकाच मैदानावर एका बाजूला शॅम्पेन उडत होती आणि दुसरी बाजू इतिहासाच्या चुकीच्या पानावर पोहोचली होती. त्यानंतरचे दोन्ही सामने व्हाइट सॉक्सने जिंकले. म्हणजे शेवटच्या सहापैकी पाच सामन्यांत विजय मिळाले, पण तोवर त्यांना अर्थ उरला नव्हता.

बेसबॉलमध्ये हरणे नेहमीचेच, मग हा आकडा वेगळा का?

सहा महिन्यांत १६२ सामने म्हणजे जवळजवळ रोज एक सामना. त्यामुळे बेसबॉलच्या चाहत्याला पराभव पचवण्याची सवय असते. प्रत्येक संघ एक तृतीयांश सामने जिंकणार, एक तृतीयांश हरणार आणि खरा हंगाम उरलेल्या एक तृतीयांश सामन्यांत ठरणार, असा या खेळातला जुना हिशेब आहे. या हिशेबाने कितीही सुमार संघाच्या खात्यात ५४ विजय जमा व्हायला हवेत. व्हाइट सॉक्सने जिंकले ४१. जे विजय गृहीत धरले जातात, त्यातलेही १३ त्यांना मिळवता आले नाहीत.

तरीही चाहत्यांचा राग केवळ आकड्यावरून ठरत नाही. १९६२ मध्ये १२० सामने हरणाऱ्या मेट्सवर न्यूयॉर्ककरांनी जीव लावला होता. १९५७ च्या हंगामानंतर डॉजर्स आणि जायंट्स हे दोन्ही संघ शहर सोडून कॅलिफोर्नियाला गेले होते. मेट्स हा त्या रिकाम्या जागेत आलेला अगदी नवा संघ होता. त्याचा धांदरटपणा लोकांनी घरातल्या धाकट्याच्या चुकांसारखा हसण्यावारी नेला. सातच वर्षांनी, १९६९ मध्ये, हा संघ विश्वविजेता झाला.

याउलट १८९९ च्या क्लीव्हलँड स्पायडर्सचे उदाहरण आहे. या संघाने १५४ पैकी १३४ सामने गमावले. मात्र तेव्हाची स्पर्धेची रचनाच वेगळी असल्याने तो आकडा ‘आधुनिक’ विक्रमात मोजत नाहीत. स्पायडर्सच्या मालकांनी सेंट लुइसचा संघही विकत घेतला आणि महान पिचर साय यंगसह चांगले खेळाडू तिकडे हलवले. क्लीव्हलँडच्या प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि पुढच्या हंगामात संघच उरला नाही. एका संघाला पराभव माफ झाले, दुसऱ्याला झाले नाहीत. पहिला प्रयत्न करून हरत होता, दुसऱ्याला मालकांनीच वाऱ्यावर सोडले होते. प्रेक्षकाला हा फरक चटकन कळतो.

व्हाइट सॉक्सच्या चाहत्यांचा राग कशाचा?

या चाहत्यांचे दुःख १२१ पराभवांपुरते असते, तर ते एका हंगामात संपले असते. त्यांचा राग मोडलेल्या शब्दाचा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये क्रिस सेल हा आघाडीचा पिचर बोस्टनला देऊन संघाने ‘पुनर्उभारणी’ सुरू केली. चांगले खेळाडू द्यायचे, बदल्यात तरुण गुणवत्ता घ्यायची, काही वर्षे हरायचे आणि मग दीर्घकाळ जिंकायचे, असा हा मार्ग. चाहत्यांनी तो मान्य केला. २०१८ मधील १०० पराभवही मुकाट्याने गिळले.

फळ आले, पण टिकले नाही. २०२० मध्ये संघ प्लेऑफमध्ये पोहोचला, २०२१ मध्ये ९३ विजयांसह गटविजेता झाला. दोन्ही वेळा पहिल्याच मालिकेत बाद झाला. याच काळात मालक जेरी राइन्सडॉर्फ यांनी ७६ वर्षांच्या टोनी ला रुसा यांना मॅनेजर म्हणून परत आणले. ला रुसा थोर खरे, पण २०११ नंतर त्यांनी मॅनेजर म्हणून काम केले नव्हते. मालकाच्या जुन्या स्नेहापोटी झालेली ही नेमणूक अनेकांना रुचली नाही. २०२२ मध्ये ८१ विजय आणि ८१ पराभव, २०२३ मध्ये १०१ पराभव. ऑगस्ट २०२३ मध्ये केन विल्यम्स आणि रिक हान या दोन वरिष्ठ कारभाऱ्यांना काढले. त्यांच्या जागी बाहेरचा माणूस शोधण्याऐवजी संघातल्याच क्रिस गेट्झ यांना बढती मिळाली. आणि सुरू झाली दुसरी पुनर्उभारणी.

म्हणजे सात वर्षांत दुसऱ्यांदा ‘थोडा धीर धरा’ असे सांगण्यात आले. २००५ मध्ये जगज्जेतेपद मिळाल्यापासून या संघाने प्लेऑफची एकही मालिका जिंकलेली नाही. या संघाने दिलेला आजवरचा सर्वांत मोठा करार ७.५ कोटी डॉलरचा, अँड्र्यू बेनिनटेन्डी याच्याशी पाच वर्षांसाठी झालेला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने हुआन सोटो या एका खेळाडूशी १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. त्याच महिन्यात व्हाइट सॉक्सने आपला सर्वोत्तम पिचर गॅरेट क्रोशे बोस्टनला देऊन टाकला.

चाहते हा राग कसा व्यक्त करतात?

पहिला मार्ग विनोदाचा. डोक्यावर कागदी पिशवी घालून सामन्याला जाणे ही अमेरिकी खेळांतली जुनी रीत. १९८० मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्स या फुटबॉल संघाच्या चाहत्यांनी ती गाजवली होती, शिकागोतही ती दिसली. दुसरा मार्ग अंतर ठेवण्याचा. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचा प्रसिद्ध अभ्यास केला. विद्यापीठाचा संघ जिंकला की विद्यार्थी ‘आपण जिंकलो’ म्हणत आणि त्यानंतरच्या सोमवारी नावाचे कपडे मिरवत. हरला की ‘ते हरले’. मराठी प्रेक्षकाला यात नवे काही वाटणार नाही. ‘आपण वर्ल्ड कप जिंकला’ आणि ‘हे लोक फायनलला ढेपाळतात’ ही दोन्ही वाक्ये एकाच घरात, एकाच सोफ्यावरून उच्चारली जातात.

तिसरा मार्ग घोषणांचा. ‘संघ विका’ या घोषणेचे वैशिष्ट्य म्हणजे ती खेळाडूंविरुद्ध नाही. कमी पगाराच्या, पुरेशा तयारीशिवाय मैदानात उतरवलेल्या तरुणांना शिव्या घालून उपयोग नाही, हे त्या स्टँडमधल्यांना ठाऊक आहे. बोट रोखले गेले ते थेट मालकाच्या खुर्चीकडे. ही घोषणा देणारा माणूस ‘ते हरले’ म्हणून मोकळा झालेला नाही. संघ अजूनही आपला आहे असे त्याला वाटते, म्हणूनच तो दुसऱ्याच्या हाती जावा अशी त्याची मागणी आहे.

मालकाला पराभवाची झळ का बसत नाही?

इथे खरी गोम आहे. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात, उत्पन्न आटते, मालक हादरतो. मेजर लीग बेसबॉल ही ३० संघांची बंदिस्त स्पर्धा आहे. शेवटचा आला तरी संघ पुढच्या वर्षी तिथेच असतो. राष्ट्रीय प्रक्षेपण करारांच्या पैशाचा वाटा हरणाऱ्यालाही मिळतो. १९२२ मधील अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मक्तेदारीविरोधी कायद्यातूनही या खेळाला विशेष सवलत आहे. त्यामुळे कोणी नाराज उद्योजक शिकागोच्या दक्षिण भागात दुसरा संघ काढून लीगमध्ये शिरू शकत नाही.

राइन्सडॉर्फ यांच्या नेतृत्वाखालील गटाने १९८१ मध्ये हा संघ सुमारे २ कोटी डॉलरना घेतला. आज त्याचे मूल्य सुमारे २ अब्ज डॉलर मानले जाते. म्हणजे साधारण शंभरपट वाढ. ती १२१ पराभवांनी रोखली गेली नाही. संघांची संख्या मर्यादित आणि खरेदीदार अब्जाधीश असल्यावर किंमत विजयांवर ठरत नाही, दुर्मीळतेवर ठरते. मायकल जॉर्डनच्या काळात सहा विजेतेपदे मिळवणाऱ्या शिकागो बुल्सचे मालकही राइन्सडॉर्फच. त्यामुळे त्यांना जिंकणे ठाऊकच नाही, असेही म्हणता येत नाही.

शिवाय मैदान सार्वजनिक पैशाचे. १९८८ मध्ये हा संघ फ्लोरिडाला जाणार अशी टांगती तलवार होती. तेव्हा इलिनॉय राज्याने नव्या स्टेडियमच्या खर्चाला मंजुरी दिली आणि १९९१ मध्ये ते उभे राहिले. त्या मैदानाचा करार २०२९ मध्ये संपतो. २०२४ मध्ये, म्हणजे पराभवांचा विक्रम होत असतानाच, संघाला नव्या स्टेडियमसाठी सुमारे १ अब्ज डॉलरचा सार्वजनिक निधी हवा असल्याची चर्चा होती. चाहत्याने तिकीट काढले नाही, तरी करदाता म्हणून त्याच्या खिशाकडे हात जातोच.

मग मैदानावर न जाणे हाच उपाय?

२००६ मध्ये, जगज्जेतेपदानंतरच्या हंगामात, व्हाइट सॉक्सच्या घरच्या सामन्यांना सुमारे २९.५ लाख प्रेक्षक आले होते. २०२४ मध्ये ते सुमारे १३.८ लाखांवर घसरले. चाहत्यांनी पाठ फिरवून पाहिली. पण या मार्गाचा धोका ओकलंडमध्ये दिसला.

ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचे मालक जॉन फिशर यांनी खेळाडू विकले, खर्च कापला, प्रेक्षक घटले. मग घटलेले प्रेक्षक हेच शहर सोडण्याच्या बाजूचे कारण म्हणून पुढे येऊ लागले. १३ जून २०२३ रोजी चाहत्यांनी उलटा बहिष्कार पुकारला. बहिष्कार म्हणून त्या दिवशी मैदान भरायचे. ‘विका’ असे लिहिलेले हिरवे टी-शर्ट घालून २७,७५९ प्रेक्षक आले. संघानेही तो सामना जिंकला. आम्ही आहोत, नको आहे तो मालक, असा तो निरोप होता. पण त्याच आठवड्यात नेव्हाडा राज्याने लास व्हेगासमधील स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक निधी मंजूर केला. लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी त्या गर्दीची, एका रात्रीपुरती जवळपास सरासरीएवढी गर्दी जमली, अशा शब्दांत बोळवण केली. २०२४ च्या हंगामानंतर संघ ओकलंड सोडून गेला.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये मांडले होते की, एखादी संस्था घसरू लागली की तिच्या माणसांपुढे दोन मार्ग असतात, बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. निष्ठा असली की माणूस लगेच बाहेर पडत नाही, आधी आवाज उठवतो. साबण आवडला नाही तर ग्राहक दुसरा घेतो. संघाच्या चाहत्याला दुसरा संघ घेता येत नाही. व्हाइट सॉक्सचा माणूस त्याच शहरातल्या कब्जचा टी-शर्ट घालण्याऐवजी घरी बसणे पसंत करील. बाहेर पडण्याची वाट त्याला जवळपास बंद असते आणि आवाजाला मत नसते. मालकाला हे पक्के ठाऊक असते.

हरूनही मैदान भरले तर?

त्याचे उत्तर डेन्व्हरमध्ये मिळते. कोलोरॅडो रॉकीजने २०२५ मध्ये ११९ सामने गमावले. मे महिन्यात सॅन डिएगो पाद्रेसकडून २१-० असा मार खाल्ल्यावर दुसऱ्याच दिवशी मॅनेजर बड ब्लॅक यांना घरी पाठवले. प्रतिस्पर्ध्यांनी संपूर्ण हंगामात त्यांच्यापेक्षा ४२४ धावा जास्त काढल्या, हाही आधुनिक नीचांक. तरी कूर्स फील्डवर २० लाखांहून अधिक प्रेक्षक आले. सुंदर मैदान, उन्हाळ्याची संध्याकाळ, मित्रांचा घोळका. आनंद लुटण्यात गैर काहीच नाही. पण संघ कसाही खेळला तरी तिकिटे खपतात, हा निरोप मालकापर्यंत पोहोचतो. ओकलंडमध्ये रिकामे मैदान मालकाच्या बाजूने साक्ष देत होते, डेन्व्हरमध्ये भरलेले मैदान देते.

तळाला गेल्यावर चांगले नवे खेळाडू तरी मिळतात ना?

तसा समज आहे. नवोदित खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, दुबळ्या संघांना आधी संधी मिळते. मात्र संघ मुद्दाम हरू नयेत म्हणून २०२३ पासून पहिल्या सहा जागा सोडतीने ठरतात. मोठ्या बाजारपेठेतील संघाला सलग दोन वर्षे सोडतीतली जागा मिळत नाही. शिकागो ही मोठी बाजारपेठ. त्यामुळे १२१ सामने हरलेल्या व्हाइट सॉक्सला २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दहावा क्रमांक मिळाला. इतके हरण्याचे तेवढेही बक्षीस नाही. २०२६ च्या ड्राफ्टची पहिली निवड मात्र सोडतीत त्यांना मिळाली आहे. नियमामागचा हेतू योग्य आहे, पण शिक्षा कोणाला होते तेही पाहायला हवे. मालकाच्या उत्पन्नाला धक्का लागत नाही. ज्याने काहीच ठरवले नव्हते, त्या चाहत्याची प्रतीक्षा मात्र वाढते.

आयपीएलच्या प्रेक्षकाने यातून काय घ्यावे?

आयपीएलही बंदिस्त स्पर्धा आहे. दहावा आलेला संघ पुढच्या वर्षी असतोच आणि मध्यवर्ती उत्पन्नात त्याचा वाटा असतोच. फरक असा की इथे लिलावात प्रत्येक संघाच्या खर्चाला सारखीच मर्यादा असते, त्यामुळे एक संघ खर्च करतो आणि दुसरा हात आखडतो अशी दरी पडत नाही. रॉयल चॅलेंजर्स बेंगळूरुच्या चाहत्यांनी पहिल्या विजेतेपदासाठी २०२५ पर्यंत, म्हणजे अठराव्या हंगामापर्यंत वाट पाहिली. ती वाट त्रासदायक असली, तरी मालकाने प्रयत्नच सोडले अशी भावना तिथे नव्हती. मुंबई इंडियन्स २०२४ मध्ये तळाला गेला, तेव्हा वानखेडेवर हुर्यो झाली ती कर्णधार हार्दिक पंड्याची. नेतृत्वबदलाचा निर्णय घेणारे मात्र त्या आवाजातून सुटले. या बाबतीत शिकागोचा प्रेक्षक अधिक नेमका निघाला.

पुढे काय?

जून २०२५ मध्ये राइन्सडॉर्फ यांनी गुंतवणूकदार जस्टिन इशबिया यांच्याशी भविष्यातील हस्तांतराचा करार जाहीर केला. त्यानुसार २०२९ ते २०३३ या काळात विकायचे की नाही हे राइन्सडॉर्फ ठरवणार आणि त्यानंतर खरेदीचा हक्क इशबियांकडे येणार. ‘संघ विका’ या घोषणेला मिळालेले हे उत्तर आहे खरे, पण वेळापत्रक मालकाच्या सोयीचे. दरम्यान या संघाला जगातला सर्वांत नामांकित चाहता लाभला आहे. मे २०२५ मध्ये निवड झालेले पोप लिओ चौदावे मूळचे शिकागोचे आणि व्हाइट सॉक्सचे. २००५ च्या अंतिम मालिकेतला पहिला सामना त्यांनी मैदानावर बसून पाहिला होता. तिथे आता त्यांचे चित्र लावले आहे. संघाने ही संधी साधली, टोप्याही खपल्या. पराभव मात्र त्या वर्षीही १०२ झाले.

खरा बदल नियमांतूनच येईल. खेळाडू आणि मालक यांच्यातील सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. तेव्हा चर्चा खर्चाच्या कमाल मर्यादेची होईल, कारण मालकांना ती हवी आहे. पण किमान खर्चाची सक्ती आणि सतत तळाला राहणाऱ्या संघाच्या मध्यवर्ती उत्पन्नात कपात, या दोन गोष्टीही तितक्याच गरजेच्या आहेत. किमान खर्चाची अशी सक्ती आज या लीगमध्ये नाही. हरण्याची किंमत मालकाला मोजावी लागली, तर पुनर्उभारणी सात वर्षांत दोनदा करायची वेळ सहसा येणार नाही.

वाटाघाटीच्या टेबलावर मालक असतील, खेळाडूंची संघटना असेल. चाहत्यासाठी तिथे खुर्ची नसेल. तोवर त्याच्याकडे एकच साधन आहे, ते म्हणजे मैदानात जाऊन योग्य माणसाच्या नावाने ओरडणे. संघावर ज्याचा जीव उरलेला नाही तो असा घसा कोरडा करत नाही, त्याने चॅनेल केव्हाच बदललेले असते. मालकांनी भ्यायचेच असेल, तर ‘संघ विका’ ओरडणाऱ्यांना नव्हे, त्या चॅनेल बदलणाऱ्यांना भ्यावे.